आषाढात रिमझिम कुठली?

वाचकाचं पत्र:

मी मूळची फोंडा तालुक्यातली, लग्नानंतर म्हापशाला. शाळेतून निवृत्त झाल्यावर लिहायला लागले. माहेरच्या कुळागरावर, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेवर, आणि आजोबा गेले त्या वर्षीच्या पावसावर साधारण दीड हजार शब्दांचा ललित लेख लिहिला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो परत पाठवला. ‘वर्णन चांगलं आहे, पण वातावरण उभं राहत नाही,’ एवढंच कळवलं. पूर्ण लेख सोबत जोडला आहे. सुरुवात अशी:

‘आषाढ महिना होता. आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले होते. बाहेर रिमझिम पाऊस पडत होता आणि मातीचा सुगंध दरवळत होता. आमचे निसर्गरम्य कुळागर हिरवेगार दिसत होते. पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट चालू होता. आजोबा गेल्यानंतरचा तो पहिलाच पाऊस होता. वातावरणात एक गूढ उदासी भरून राहिली होती. माझे मन भरून आले.’

यात काय कमी आहे ते मला खरंच कळत नाही. आजोबा दर वर्षी मे अखेरीस मोरचूद आणि चुना कालवून पोफळींवर फवारणी करून घ्यायचे. मिश्रणात कोयत्याचं पातं बुडवून बघायचे. त्या वर्षी ते राहूनच गेलं आणि जुलैत रात्रभर सुपारी गळल्याचा आवाज यायचा. तो अजून कानात आहे. मग तो लेखात का उतरत नाही? आणखी एक विचारते. लहानपणी देवळात ऐकलेलं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे गावातर्फे घातलेलं मागणं, आज कुठेही कानावर पडलं तरी अंगावर काटा येतो. शब्द साधेच असतात. ते इतकी वर्षं टिकतात आणि माझे शब्द आठवड्याभरात शिळे होतात, असं का?

उत्तर:

ताई, सुपारी गळल्याचा आवाज लेखात उतरत नाही, कारण तुम्ही तो लेखात लिहिलेलाच नाही. सगळा लेख दोनदा वाचला. मोरचूद नाही, चुना नाही, कोयता नाही, गळणारी सुपारी नाही. ते सगळं आम्हाला लिहिलेल्या पत्रात, शेवटच्या परिच्छेदात आलंय. पत्र लिहिताना तुम्ही कुणाला तरी काही सांगत होता. लेख लिहायला बसलात तेव्हा ‘ललित’ लिहायला बसलात, आणि शाळेतल्या ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाने हात धरला. निवृत्त शिक्षकांच्या लेखनात हे फार दिसतं, रागावू नका.

आधी वस्तुस्थितीच्या चुका काढू, कारण वातावरण बिघडायला तिथूनच सुरुवात होते. आषाढात गोव्यात रिमझिम पडत नाही. मोसमात इथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यात जुलै सगळ्यांत ओला. फोंड्याच्या डोंगरउतारावर तर सरीवर सर येते, चार-चार दिवस झड लागते. मातीचा सुगंध हा तापलेल्या कोरड्या जमिनीवर पडलेल्या पहिल्या सरींचा, म्हणजे मृगाच्या आसपासचा. महिनाभर भिजलेल्या जमिनीला तो येत नाही. आषाढात कुळागरात वास येतो तो कुजलेल्या पानांचा, शेवाळाचा, न वाळलेल्या कपड्यांचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. आणि मुसळधार पावसात पक्षी किलबिलत नाहीत, आडोशाला गप्प बसतात. सर थांबली की ओहोळाकाठी शीळकरी कस्तुर घालतो ती लांब, वाट चुकल्यासारखी शीळ तेवढी खरी. ती तुम्ही नक्की ऐकली असणार. वाचकाला या चुका बोट ठेवून दाखवता येत नाहीत. पण रिमझिम, मृद्गंध आणि किलबिलाट एकाच आषाढी दुपारी आले की त्याला आतून कळतं की लिहिणारी बाई तिथे नव्हती. तुम्ही होता, हे आम्हाला पत्रामुळे कळलं.

पावसाच्या शब्दांची मराठीत चणचण नाही, फक्त ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सर येते आणि जाते. तिला सुरुवात आणि शेवट असतो, म्हणून तिच्यात वाट पाहणं असतं. झड लागते, तिच्यात कोंडलेपण असतं. रिपरिप आणि पिरपिर कंटाळा आणतात. भुरभुर हलकी असते, तिच्यात छत्री न उघडता चालता येतं. संततधार शब्द बातमीत इतका वापरलाय की त्यातला ओलावा गेला. धो धो पाऊस बोलण्यात चालतो, लेखात एकदाच वापरावा. शिवाय नक्षत्रं आहेत. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धात येणारा पुष्याचा ‘म्हातारा’ ही नावं तुमच्या घरातही बोलली गेली असतील. आजोबांवरच्या लेखात ‘म्हातारा पाऊस लागला’ एवढं साधं वाक्य, कुठलंही भाष्य न करता, तारीखही सांगतं आणि आणखीही काही सांगतं. फक्त त्याच्यापुढे ‘आणि आमचा म्हातारा मात्र नव्हता’ असं जोडू नका. जोडायचा मोह होईल.

आता मुख्य दुखणं. ‘वातावरणात एक गूढ उदासी भरून राहिली होती’ हे वाक्य लेखात सगळ्यांत जास्त काम करतंय असं तुम्हाला वाटतं, पण सगळी पडझड तिथेच आहे. संस्कृत काव्यशास्त्राने यावर हजार वर्षांपूर्वी नेमकं बोट ठेवलंय. रस किंवा भाव त्याच्या स्वतःच्या नावाने सांगणं हा तिथे दोष मानला आहे. त्याला स्वशब्दवाच्यता म्हणतात. करुण रस ‘करुण’ म्हटल्याने होत नाही. तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या जुळण्यातून होतो. तुमच्या लेखापुरतं सोपं करून सांगायचं तर विभाव दोन प्रकारचे: आजोबा हे आलंबन, म्हणजे ज्यांच्यामुळे भाव आहे ते. न वापरता पडून राहिली असेल ती मोरचुदाची पिशवी, रात्रीची गळ, झड हे उद्दीपन, म्हणजे भाव चेतवणारी परिस्थिती. घरातली माणसं काय करतात, काय करायचं टाळतात, ते अनुभाव. मधूनच येणारी काळजी, आठवण, थकवा हे व्यभिचारी, येऊन जाणारे. तुम्ही उद्दीपनाच्या जागी कॅलेंडरवरचं चित्र ठेवलंत, अनुभावाच्या जागी ‘मन भरून आले’, आणि उरलेली जबाबदारी ‘उदासी’ या शब्दावर टाकलीत. वाचकाला करायला काही राहिलंच नाही. तुम्ही पिशवी दाखवली असती तर तिच्याकडे बघून जे वाटायचं ते त्याचं त्याने अनुभवलं असतं, आणि माणूस स्वतः जे जुळवतो ते त्याच्याकडे राहतं. तुमच्या टिकण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तेव्हा पुनर्लेखन असं करा. वेगळ्या कागदावर त्या पावसातली भावना एका पूर्ण वाक्यात लिहा. ‘दुःख’ किंवा ‘उदासी’ असा एकटा शब्द चालणार नाही. उदाहरणार्थ: पाऊस वेळेवर आला आणि त्याच्या तयारीचं काम ज्याच्याकडे होतं तो माणूस नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं. हा कागद टेबलावर समोर ठेवा. त्यातलं एकही वाक्य लेखात जाऊ द्यायचं नाही. तो तपशील निवडण्यासाठी आहे.

मग यादी. दृश्यापासून सुरू करू नका. डोळा सगळ्यांत आधी पाठ केलेलं बघतो. आवाजापासून सुरू करा, मग वास, मग स्पर्श, चव, आणि शेवटी दृश्य. प्रत्येकाखाली सहा-सात तपशील लिहा, मिळून तीसेक होतील. एका बैठकीत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. सुचेनासं झालं की स्वतःला कामाचे प्रश्न विचारा: त्या महिन्यात घरात कुठलं काम कोण करायचं? कुठली वस्तू कुठे टांगलेली असायची? ती त्या वर्षी कुठे होती? पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान कुणी भरलं? चुलीसाठी लाकडं पुरली का? भावनेचे प्रश्न विचारलेत तर पुन्हा ‘मन भरून आले’च हाती येईल. कामाचे प्रश्न विचारले की माणसं येतात.

यादीतून पाच-सहा तपशीलच घ्यायचे. चाळणी एकच: हा तपशील दुसऱ्या कुणाच्या पावसात जसाच्या तसा बसेल का? बसत असेल तर काढा. हिरवेगार कुळागर कुणाचंही असतं. मोरचूद-चुन्याच्या त्या बोर्डो मिश्रणात कोयता बुडवून बघणारा माणूस मात्र आजोबाच.

त्या कोयत्यापाशी जरा थांबू, कारण तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकलात. पोफळीवर पावसाळ्यात कोळेरोग पडतो. तो बुरशीमुळे येतो, आणि त्यात कोवळी सुपारी कुजून गळते. त्यावरचा उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचं, भांडं लोखंडी नको, आणि मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या निवळीत ओतायचं. मग त्यात लोखंडी पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर बसला तर मोरचुदातलं तांबं मोकळं राहिलंय, चुना वाढवायला हवा. नाही तर घोस जळतात. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. हे सगळं लेखात घालायचं नाही. तो कृषी खात्याचा माहितीपट होईल. पण तुम्हाला ते माहीत असायला हवं, कारण त्यातूनच दोन गोष्टी सुटतात. एक, पात्याकडे बघणारा माणूस कसा होता ते कळतं: सावध, मापाने वागणारा, स्वतः खात्री करून घेणारा. त्याला ‘प्रेमळ’ म्हणायची गरजच राहत नाही. दोन, जुलैतली गळ ही त्याच्या नसण्याचा थेट परिणाम आहे. फवारणी झाली नाही म्हणून रोग पडला, रोग पडला म्हणून सुपारी रात्री गळतेय. कार्यकारणभाव इतका सरळ आहे की तुम्ही फक्त पिशवी आणि आवाज एका परिच्छेदात ठेवलेत तरी मधला पूल वाचक बांधतो. असा आवाज नशिबाने मिळतो, आणि तो सोडून तुम्ही किलबिलाट घेतलात!

क्रियापदांकडे या. तुमच्या परिच्छेदात आठ वाक्यं आहेत आणि त्यातली सात ‘होता-होती-होते’वर संपतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे हा ठोका दर वेळी कानावर पडतो, आणि सातव्या वेळी वाचक झोपतो. पण फक्त आवाजाची गोष्ट नाही. भूतकाळाची रूपं वेगवेगळा काळ आणि वेगवेगळं अंतर दाखवतात. आजोबा पातं ‘बघत होते’ म्हटलं की एक दिवस, एक क्षण. ‘बघायचे’ म्हटलं की दर वर्षीची सवय, घरातल्या बोलण्याच्या जवळची. ‘बघत असत’ म्हटलं की तीच सवय, पण आदराने दोन पावलं मागे सरकून सांगितलेली. ‘बघितलं’ म्हटलं की घटना. तुम्हाला लागणारी दोनच आहेत: आजोबा असतानाच्या सगळ्या वर्षांना ‘बघायचे, म्हणायचे, ठेवायचे’, आणि त्या एका वर्षाला साधा भूतकाळ किंवा सरळ वर्तमान. एका वाक्यात ‘बघायचे’ आणि पुढच्या वाक्यात ‘पिशवी पडवीत आहे’ असं आलं की मधला माणूस गेलाय हे व्याकरणानेच सांगितलं. ‘आजोबा गेल्यानंतरचा तो पहिलाच पाऊस’ हे सांगणारं वाक्य मग बरंच खाली ढकलता येतं, कदाचित लागणारही नाही.

ओघात आलं म्हणून: ‘कुळागर हिरवेगार दिसत होते’ आणि पत्रातलं ‘राहूनच गेलं’ यांतलं पुस्तकी किंवा बोलीतलं, एकच रूप निवडा. आमचं मत ‘गेलं’कडे झुकतं. घरातल्या माणसाबद्दल घरातल्या आवाजात लिहावं. ‘होते, केले, आले’ हे रूप वाईट नाही, पण तुमच्या हातात ते आलं की मागोमाग ‘निसर्गरम्य’ येतं.

विशेषणं पाच आहेत: काळेकुट्ट, निसर्गरम्य, हिरवेगार, मंजुळ, गूढ. पाचही आपापल्या नामाला कायमची चिकटलेली. ढग म्हटलं की काळेकुट्ट न बोलावता येतो. सगळी काढा. मग परिच्छेद किती रिकामा राहतो ते दिसेल, आणि तो रिकामेपणा नामांनी भरायचा आहे.

नादाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. मोठ्याने वाचताना तुम्ही कुठे अडखळता ते तुम्हाला जाणवत असेल, पण का ते कळत नसेल. जुन्या शास्त्रकारांनी वर्णांचे गुण सांगितलेत. ङ्क, ञ्च, न्त, म्प अशी अनुनासिकाची जोडाक्षरं, ह्रस्व र आणि ण, समास नसणं किंवा छोटे असणं, यातून माधुर्य येतं. ते करुण आणि शांत रसाला मानवतं. ट-ठ-ड-ढ, रफार, श-ष, जड जोडाक्षरं आणि लांबलचक समास यांतून ओज येतं. ते वीर आणि रौद्राला. मराठीला हे जसंच्या तसं लागू नाही, आपल्याकडे ट-ड शिवाय बोलताच येत नाही. पण ‘काळेकुट्ट ढग दाटून’ हे तोंडात घोळवून बघा: ट्ट, ढ, ट. हा ढोलताशा आहे, शिगम्याच्या मिरवणुकीत शोभेल. त्याउलट ‘पागोळ्या एका ओळीत गळतात’ यात ळ तीनदा येतो, जीभ वळते, वाक्य आपोआप मंद होतं. मुद्दाम अक्षरं मोजून लिहायचं नाही. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायचं, आणि भाव मऊ असताना कुठला शब्द खडा लागतोय तेवढा बदलायचा.

वाक्याची लांबी हे नादाचंच दुसरं अंग. झडीचं वाक्य लांब असू दे, अर्धविराम घेत, श्वास संपेपर्यंत. सुपारी गळल्याचं वाक्य एका शब्दाचं असू दे. रात्री ऐकलेला आवाज म्हणजे आवाज आणि त्यानंतरची वाट पाहणं. ते वाट पाहणं पूर्णविरामाने दाखवता येतं. तीन टिंबांनी नाही. तुमच्या लेखात तीन टिंबं जागोजागी आहेत. ती सगळी काढून पूर्णविराम घाला. उद्गारचिन्हंही बरीच आहेत, तीही काढा.

गाऱ्हाण्याकडे येतो. तो प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण पत्रातला सगळ्यांत चांगला प्रश्न तोच. गाऱ्हाण्याचे शब्द का टिकतात? त्यात भावनेचा एकही शब्द नसतो. ‘आम्ही भक्तिभावाने भारावून’ असं कुणी म्हणत नाही. त्यात कुणाला तरी थेट हाक असते. गावातल्या देवांची, स्थळांची नावं एकामागून एक घेतली जातात. मग मागणं येतं, तेही नेमकं: अमक्या घरचं, अमक्या कामाचं. प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसं एकसुरात साथ देतात, अनेक गावांत ती ‘व्हय महाराजा’ अशी असते. लांब श्वासाची यादी, तोड, आखूड प्रतिसाद. पुन्हा यादी, तोड, प्रतिसाद. जागा तीच, वेळ तीच, सांगणारा ठरलेला. तुम्ही लहानपणी ते ऐकलंत तेव्हा धुपाचा वास, फरशीचा गारवा, मोठ्यांचे मिटलेले डोळे त्या शब्दांना चिकटले. आता शब्द आले की तेही येतात. लेखकाला वाचकाच्या नाकाशी धूप धरता येत नाही. पण बाकीची साधनं उचलता येतात: खरी नावं, थेट मागणं, आणि एक परतून येणारं वाक्य.

दशावतारी नाटकातही हेच पाहायला मिळतं. नेपथ्य म्हणावं तर एक बाक. संवाद लिहून पाठ केलेले नसतात, पात्रं उभ्या उभ्या रचतात. त्याच बाकावर राजा बसला की दरबार, आणि तोच राजा ‘पाय पुढे टाकवत नाही, वाट दिसत नाही’ म्हणाला की अरण्य. प्रेक्षक अरण्य बघतात, कारण पात्र झाडांचं वर्णन करत बसत नाही, अरण्यात आपल्याला काय होतंय ते सांगतं. पेडण्याकडे कधी जत्रेला गेलात तर तेवढं एक नीट ऐका.

परतून येणारं वाक्य तुमच्याकडे आहे. लेखाच्या शेवटाकडे आजोबांच्या तोंडी ‘आज पाऊस थांबणार नाही’ असं एकच वाक्य आहे. आजोबा घरात असं बोलत नसणार. ‘आयज पावस रावचो ना’ असंच म्हणत असतील. तसंच लिहा. निवेदन मराठीत, संवाद कोंकणीत ही गोव्यातल्या मराठी लेखनाची जुनी वहिवाट आहे. महाराष्ट्रातल्या वाचकालाही एवढं कळतं. अर्थ कंसात देऊ नका, कंस आला की माणूस गप्प होतो आणि शिक्षिका बोलायला लागते. कुळागर, पुरुमेंत, गणपतीवर बांधायची माटोळी हेही समजावत बसू नका, वाक्याने अर्थ कळू दे. फक्त प्रमाण राखा. पानभर कोंकणी संवाद टाकलेत तर पुणे-मुंबईचा वाचक दमेल. दीड हजार शब्दांत चार-पाच ओळी पुष्कळ.

हे वाक्य लेखात तीनदा येऊ शकतं. एकदा आजोबा म्हणतात तेव्हा, एकदा ते म्हणायला कुणी नसतं तेव्हा, आणि एकदा भलत्याच कुणाच्या तोंडून, काही विशेष न घडता. तिसऱ्या वेळी कुणी रडायचं नाही, कुणी चमकून बघायचं नाही. ते जमत नसेल तर दोनदाच वापरा.

सगळं जुळवून पहिला परिच्छेद कसा होईल याचा एक नमुना देतो. हा उचलू नका, यातले तपशील आम्ही तुमच्या पत्रावरून कल्पनेने भरलेत. तुमचे खरे तपशील यापेक्षा चांगले निघतील.

‘मोरचूद आणि चुना मे महिन्यात आणून ठेवला होता. पिशव्या पडवीत तशाच आहेत. मिश्रण झालं की आजोबा त्यात कोयत्याचं पातं बुडवायचे, उन्हाकडे धरून बघायचे आणि बहुतेक वेळा आणखी मूठभर चुना घालायला लावायचे. पोफळीवर चढणारा माणूस या वर्षी आला नाही. त्याला कुणी बोलवायचं हेच ठरलं नाही. आता म्हातारा पाऊस लागलाय, चार दिवस उघडीप नाही, पागोळ्या एका ओळीत गळतात आणि आरामखुर्चीसमोरच्या जमिनीत त्यांनी खड्ड्यांची रांग पाडली आहे. रात्री मागच्या बाजूला सुपारी पडते. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी.’

यात रंग एकही नाही, भावनेचं नाव नाही, आजोबा गेल्याचा उल्लेख नाही. खुर्ची रिकामी आहे असंही म्हटलेलं नाही, कारण ‘रिकामी खुर्ची’ आता इतक्या लेखांत येऊन बसली आहे की तिच्यावर जागा नाही.

हा सल्ला पाळताना काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. तपशील सापडले की माणूस ते सोडत नाही; मग मोरचूद, कोयता, विळी, कांबळं, पाटा-वरवंटा, सगळं एका परिच्छेदात येतं आणि घराचं वस्तुसंग्रहालय होतं. एका परिच्छेदाला तीन वस्तू. दुसरा धोका असा की प्रत्येक प्रसंगी आभाळही भरून येतं. माणूस दुःखात असताना लख्ख ऊन पडू दे की कधी. आजोबांच्या तेराव्याला उघडीप असेल तर उघडीपच लिहा, ती जास्त बोचेल. तिसरा धोका सलग एकच सूर. दीड हजार शब्द करुण झाले की रडगाणं होतं. मध्ये कुठेतरी घरात हसू यायला हवं. शेजाऱ्याने दिलेला चुकीचा सल्ला, फवारणीच्या निळ्या डागांनी खराब झालेला कुणाचा तरी सदरा, असं काहीतरी असेलच.

वातावरण उभारण्याच्या जागा तीन ठेवा. सुरुवातीला शंभरेक शब्द, मध्यावर दोन-तीन ओळी, शेवटाकडे त्याहून कमी. सध्या तुमची पहिली दीड पानं नुसती वर्णनाची आहेत आणि आजोबा दुसऱ्या पानावर खाली येतात. पहिल्या शंभर शब्दांत ते आले पाहिजेत.

लिहून झालं की चार-पाच दिवस बघू नका. मग कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, स्वतः वाचू नका. स्वतः वाचताना आपण आवाजाने खड्डे बुजवतो. ऐकणाऱ्याला ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. ‘काय काय दिसलं, काय ऐकू आलं’ असं विचारा. पिशवी आणि सुपारी न विचारता आली तर लेख उभा राहिला. ‘पाऊस छान रंगवलाय’ असं आलं तर अजून काम आहे.

दिवाळी अंकांचं साहित्य बहुतेक ठिकाणी गणेश चतुर्थीच्या आसपास पक्कं होतं, त्याच संपादकांकडे पुन्हा पाठवायला हरकत नाही. त्यांनी परत पाठवताना कारण कळवलं, एवढं सहसा कुणी करत नाही. आणि ‘आठवणीतला पाऊस’ हे शीर्षक बदला. शेवटी ठरवा, लेखातलीच एखादी वस्तू घ्या. ‘एक किलो चुना’ सुद्धा चालेल.